उघड्या हातावरचा उंदीर

"माझ्या प्रयोगात कुणीतरी घात केलाय, आणि उद्या माझ्या भावाचं चालू औषध बंद होणार आहे," संशोधक बाई बसायच्या आधीच म्हणाल्या.

खाजगी गुप्तहेर भिंग सावरून बसला. 'भिंग' हे त्याचं टोपणनाव. खरं नाव बायकोलाही पटकन आठवत नसे. शेजारी त्याचा मेहुणा चहात बिस्किट बुडवत होता.

बाईंच्या धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग होता. नव्या औषधाने पेशींचं बळ खचतं का, हे बाई मोजत होत्या. रुग्णाच्या पेशी उंदरांना टोचायच्या, कुणाला जास्त, कुणाला अगदी थोड्या, आणि किती पेशींत आजार उभा राहतो ते पाहायचं. औषध लावलेल्या पेशींनी एकही उंदीर आजारी पडला नाही. सगळीकडे आनंदीआनंद! जुनं बंद करून भावाला हेच औषध द्यायचं ठरलं. बाईंनी मात्र तोच प्रयोग गुपचूप पुन्हा केला, आणि एकूण एक उंदीर आजारी पडला.

"साधे उंदीर नाही चालत?" मेहुण्याने विचारलं.

"छे! ते माणसाच्या पेशींना थारा देत नाहीत. आमच्या उंदरांना प्रतिकारशक्तीच नसते. कुणी शिंकलं तरी जीव जायचा बिचाऱ्यांचा."

उंदीरखान्यात पहिला भेटला तो राखणदार. मास्क, हातमोजे घालून तो दोन्ही प्रयोगांतल्या उंदरांच्या रांगांना पाणी देत होता. "कुणाला काय टोचलंय, ते मला कोण सांगतंय?" तो कुरकुरला.

औषध कंपनीचा माणूस दारातूनच बोलला. "आत मी कधी पाऊल टाकलेलं नाही. वासानेच मळमळतं."

शेवटी सर आले. बाईंचे गुरू, औषधाची मूळ कल्पना त्यांची. मास्क, हातमोजे चढवून त्यांनी आजारी रांग दाखवली. मग मास्क हनुवटीवर ओढला, हातमोजे काढले आणि पहिल्या प्रयोगाच्या रांगेतला उंदीर तळहातावर घेतला. "बघा, कसा ठणठणीत!" मग बाईंकडे बोट दाखवून म्हणाले, "दुसऱ्या वेळी माझ्या या लेकीने वापरलेल्या पेशीच खराब निघाल्या."

बाहेर पडल्यावर मेहुणा म्हणाला, "दाजी, तो कंपनीवालाच. तोंडावरून कळतं."

"तुझ्या तोंडावरून काय कळतं, ते सांगू का?"

संध्याकाळी सरांच्या खोलीत भिंगने सगळ्यांना बसवलं.

"कंपनीवाल्यांना उंदरांजवळ जाववत नाही. राखणदार दोन्ही रांगांना सारखंच जपतो, कारण त्याच्या लेखी दोन्ही नाजूक. सर, तुम्ही मात्र एकीलाच जपलंत. पहिल्या प्रयोगातला उंदीर उघड्या हातावर घेऊन त्याच्या तोंडाशी बोललात. तो साधा उंदीर आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं. पेशी त्याच्या शरीरानेच मारल्या, औषधाने नव्हे. त्याचं रक्त तपासू या?"

"माझ्या डोळ्यांदेखत झालं," बाई पुटपुटल्या. "तरी दिसलं नाही."

"सरांवर कोण नजर ठेवतं, बाई?"

"आयुष्य गेलं त्या औषधामागे. वाटलं, माणसांत लागू पडेल," सर म्हणाले.

"माणसांत? माझ्या भावात, सर! लेक म्हणायचात ना मला?"

बाईंनी भावाला फोन लावला.

"जुनं औषध बंद करायचं नाही. ऐकतोयस ना?"

"अगं ताई, पण सरांना विचारलंस का?" भाऊ म्हणाला. "त्यांच्यापेक्षा का तुला जास्त कळतं?"