डावीकडचा हात

कोणीतरी ‘पुरावा काय?’ विचारणारच, म्हणून आधीच सांगते. पुरावा आहे. सव्वा मिनिटाचा व्हिडिओ आहे. तो मी भर दुपारी, स्वयंपाकघरात उभी राहून पाहिला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले. डाळीचा पार लगदा झाला.

मी वैदेही. नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पला राहते, नोकरी करते. भूतबित म्हटलं की हसणाऱ्यांतली होते.

होते.

ही गोष्ट माझ्या मावसबहिणीची, मृणालिनीची. मागच्या वर्षी नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, संध्याकाळचे पाच. जागा, इथल्याच एका जुन्या विद्यापीठाचा लाकडी पायऱ्यांचा हॉल. विद्यापीठाचं नाव सांगणार नाही. तिथे अजून माणसं कामाला आहेत, आणि त्यातल्या एकाचं तोंडही मला बघायचं नाही.

मृणाल पुण्याची. फिजिक्स शिकली आणि संशोधनासाठी इथे आली. तिचा विषय वेगळाच होता. तीनशे वर्षांपूर्वी इथल्या वर्गांत फिजिक्स नुसतं बोलून शिकवत नसत. वर्ग भरला की टेबलावर उपकरण यायचं. हवा ओढून घेणारा पंप, चढावर आपणहून वर जातोय असं वाटणारा लाकडी शंकू, वीज साठवणारी काचेची बरणी. आधी डोळ्यांनी बघा, मग नियम ऐका. प्रोफेसर बोलायचे, आणि मागे उभा राहून दांडा फिरवायचा तो मदतनीस. मृणाल त्या उपकरणांच्या हुबेहूब प्रती करायची आणि जुने प्रयोग पुन्हा लोकांना दाखवायची.

सहा वर्षं ती यात बुडालेली होती. तिचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरात संपत होतं. नोकरी गेली की इथे राहायचं परमिटही जाणार. आणि त्याच वेळी विद्यापीठाने एक कायमची जागा काढली होती. या उपकरणांची जबाबदारी आणि प्रयोग दाखवणं. जणू तिच्यासाठीच काढली होती.

त्याच विभागात श्रीहर्ष होता. तिचा होणारा नवरा. फेब्रुवारीत पुण्यात लग्न ठरलं होतं, माझ्या मावशीने हॉलही बुक केला होता. श्रीहर्षचं आर्नहेमच्या एका एनर्जी कंपनीत जवळजवळ नक्की झालं होतं. त्याने तिकडे जायचं आणि तिने इथे राहायचं, असं ठरलेलं.

तरी तिने त्याला दोनदा विचारलं होतं, "तू अप्लाय करत नाहीयेस ना?"

दोन्ही वेळा तो हसला होता. "वेडी आहेस का? ती तुझी जागा आहे."

त्या शनिवारी निवड समितीचे तिघे पहिल्या बाकावर येऊन बसले. मृणालला वाटलं, आज आपली परीक्षा आहे.

शेवटचा प्रयोग होता विजेच्या वर्तुळाचा. लोकांनी हात धरून गोल उभं राहायचं. पहिल्याने बरणी बाहेरून धरायची. शेवटच्याने बरणीच्या वरच्या पितळी गोळीला बोट लावायचं. त्या क्षणी सगळ्यांच्या कोपरांना एकदम झटका बसतो. जोरात नाही, दचकण्यापुरता. सेफ्टीवाल्यांनी बरणी तपासून परवानगी दिली होती. पेसमेकर असलेल्यांना बाकावरच बसवलं होतं.

एक नियम मात्र पक्का. वर्तुळातल्या एकाने जरी हात सोडला, तर कोणालाच काही जाणवत नाही.

हा नियम लक्षात ठेवा.

हा प्रयोग मृणालने एका मदतनिसाच्या जुन्या वहीवरून उभा केला होता. त्या वहीत एका वर्गाच्या शेवटी लिहिलं होतं, "बरणी रिकामी झाली. सगळ्यांनी हात सोडले. खेरिटने सोडला नाही." त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, पण शाई इतकी पुसट झालेली की ती लागत नव्हती. मृणाल मला फोनवर हसत म्हणाली होती, "ताई, हा खेरिट भलताच चिकट होता बघ."

त्या दिवशी वर्तुळात चौदा जण होते. सगळ्यांनी घमेल्यातल्या कोमट पाण्यात हात बुडवले, कारण कोरड्या हातातून वीज नीट जात नाही. मृणालच्या उजव्या हातात बरणी. डावीकडे श्रीहर्ष. त्याच्या पलीकडे मेफ्राऊ फान डाइक, म्हणजे फान डाइक बाई, सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिका.

घर्षणाने वीज करणारी काचेची चकती फिरवून बरणी भरून झाली. चकतीची चरचर थांबली.

"लाइट बंद करा," मृणाल म्हणाली. ठिणगी अंधारातच दिसते.

दिवे गेले. दारावरची बाहेर जायची हिरवी पाटी तेवढी उरली.

हॉल गप्प झाला. कोणी खोकलंसुद्धा नाही.

मग तिच्या डावीकडे फळी वाजली...

एक पाऊल. मग दुसरं.

तिला वाटलं, श्रीहर्ष नीट उभा राहतोय. तिने डावा हात पुढे केला आणि मराठीत कुजबुजली, "धर रे."

उत्तर आलं नाही...

हात आला.

कोरडा. गार. अंगठ्याच्या मुळाशी कातडी भेगाळलेली.

‘शहाणा हात ओले करायला विसरला,’ असं तिच्या मनात आलं. तिने तो हात दाबला. पलीकडूनही तेवढाच दाब आला. मृणाल मला नंतर म्हणाली, "ताई, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. वाटलं, आता सगळं नीट होणार."

"एन... त्वे... द्री!" तिने डचमध्ये एक, दोन, तीन मोजलं.

टक्.

निळी ठिणगी उडाली. सगळं वर्तुळ एकदम उसळलं, लोक किंचाळले आणि मग हसत सुटले. सगळ्यांनी हात सोडले.

तिचा डावा हात सुटेना.

"अरे, सोड आता," ती हसत म्हणाली.

हात हलला नाही...

ती ओढायला गेली, तशी बोटं आणखी आवळली.

दिवे लागले.

तिचा हात मोकळा होता. श्रीहर्ष तिच्या मागे दोन पावलांवर उभा होता आणि खाली बघत जॅकेटची चेन लावत होता.

लोक पांगायला लागले, तशा मेफ्राऊ फान डाइक उजवा तळहात चोळत मृणालपाशी आल्या. "तुझ्या मित्राला डॉक्टरकडे जायला सांग," त्या हळूच म्हणाल्या. "इतका गार हात! माझ्या नवऱ्याचा शेवटच्या दिवशी असा झाला होता."

मृणालने ते हसण्यावारी नेलं. तिचा प्रयोग यशस्वी झाला होता.

तासाभराने दोघं समोरच्या कॅफेत बसले. कॉफी आली. श्रीहर्ष साखरेची पुडी नुसती फिरवत राहिला.

"मृणाल, मला काल मेल आली. ती जागा मला मिळालीये."

"कुठली जागा?"

तिला खरंच कळलं नव्हतं.

"मी अप्लाय केलं होतं. इंटरव्ह्यूत तुझीच प्रपोजल फाइल वापरली, खोटं नाही सांगत. पण आपल्यातल्या एकाला पर्मनंट मिळणं इम्पॉर्टंट होतं. आता लग्न झालं की तू डिपेंडंट व्हिसावर राहशील, परमिटचं टेन्शनच संपलं. आणि आजचा शो नीट व्हायला हवा होता, म्हणून आधी बोललो नाही."

बघा, काय बोलतो माणूस! सहा वर्षांचं काम काढून घेतलं आणि वर तिचं टेन्शन संपवलं म्हणे. माझ्या तोंडात जे शब्द येतात ते इथे लिहिता येणार नाहीत.

मृणाल रडली नाही. तिला एवढंच सुचलं, "अरे, तासाभरापूर्वी तू माझा हात इतका घट्ट धरून उभा होतास! मी सोड म्हटलं तरी सोडत नव्हतास!"

श्रीहर्षने पहिल्यांदा मान वर केली.

"मी हात धरलाच नव्हता," तो म्हणाला. "नाही धरवला गं मला. लाइट गेल्यावर मी मागे सरकलो. दोन पावलं."

"तुला झटका बसला?"

"नाही."

मृणालने मनात हिशोब केला.

तो मागे सरकला असेल, तर वर्तुळ तुटलं होतं. तुटलं असेल, तर कोणालाच काही जाणवायला नको होतं.

पण तिला झटका बसला होता. मेफ्राऊंना बसला होता. सगळ्यांना बसला होता.

मग मध्ये कोण उभं होतं...?

सोमवारी तिने हॉलमधल्या लेक्चरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मिळवलं. तोच हा व्हिडिओ. हिरव्या पाटीच्या उजेडात धूसर दिसतं, पण दिसतं. श्रीहर्ष मागे सरकतो. हात खिशात घालतो. मृणालचा डावा हात पुढे आहे. मेफ्राऊंचा उजवा हात पुढे आहे. मधे एका माणसाची जागा मोकळी आहे.

आणि दोघींची बोटं मिटलेली आहेत. काहीतरी धरल्यासारखी.

ठिणगी उडते. सगळे उसळतात. सगळे हात सोडतात. मृणालचा हात नऊ सेकंद तसाच राहतो, आणि त्या नऊ सेकंदांत ती मोकळ्या जागेकडे बघून हसत बोलताना दिसते.

लग्न मोडलं. मावशी महिनाभर धड जेवली नाही.

मृणालवर शेवटचे पंधरा दिवस माझ्याकडे काढायची वेळ आली. डावा हात गार पडतो म्हणून तिला आमच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नेलं. त्याने हात दाबून पाहिला आणि सवयीप्रमाणे पॅरासिटमॉल घ्यायला सांगितलं. घरात ती डाव्या हाताने काही उचलायची नाही. कप नाही, मोबाइल नाही. विचारलं तर विषय बदलायची.

त्याच दिवसांत तिच्या अर्काइव्हमधल्या एका बाईने वहीतली ती पुसट ओळ वाचून पाठवली. मृणालने ती मला जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवली.

"बरणी अर्धीच भरली आहे, असं त्याला सांगितलं होतं. त्याने दोनदा विचारलं होतं."

म्हणजे बरणी पूर्ण भरलेली होती, आणि खेरिट त्या वर्तुळातून जिवंत बाहेर पडलाच नव्हता.

डिसेंबरच्या वीस तारखेला मी तिला स्किपोल विमानतळावर सोडायला गेले. बसमधून उतरलो तेव्हा रस्ता निसरडा झाला होता. मी सवयीने तिचा डावा हात धरायला गेले. ती झटकन बाजूला झाली.

"ताई, इकडून नको. या बाजूने ये."

"का गं? दुखतोय का?"

"दुखत नाही." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "रिकामा नाहीये तो."

मी म्हटलं, "मृणाल, असं बोलू नकोस. पुण्याला जाऊन चांगल्या डॉक्टरला दाखव. सुटेल ते सगळं."

ती थांबली. महिनाभरात पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले.

"मला सोडवून घ्यायचंच नाहीये, ताई. एकाने तरी धरून ठेवलाय ना."

सिक्युरिटीच्या रांगेत शिरेपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिले. बॅग उजव्या खांद्यावर होती. डावा हात अंगापासून जरा लांब, बोटं मिटलेली. मागचा डच माणूस तिच्या डावीकडून पुढे जायला निघाला, मग अचानक थबकला... "सॉरी" म्हणाला आणि वळसा घालून गेला.

तो सॉरी मृणालकडे बघून म्हणाला नव्हता.

श्रीहर्ष आता त्या जागेवर काम करतो. वर्तुळाचा प्रयोग त्याने बंद केलाय. सेफ्टीचं कारण देतो म्हणे.

मृणाल पुण्यात आहे, एका कॉलेजात शिकवते. रोज व्हिडिओ कॉल करते, हसते, बोलते. फोन नेहमी उजव्या हातात असतो. डावा हात मला एकदाही दाखवलेला नाही, आणि मीही अजून मागितलेला नाही.