काचेचं तळं

स्पर्धेचं मॉडेल चार वाजायच्या आत नगरपालिकेत पोचवायचं, एवढंच काम होतं. उत्तरेकडच्या या कुओपिओ शहरात डिसेंबरात तीनलाच काळोख होतो. रेइयोने तळघरातल्या कार्यशाळेत दिवा लावला, शेगडीत दोन लाकडं सारली आणि खोकं पुढे ओढलं.

तळ्याकाठच्या प्रार्थनागृहाचं ते मॉडेल. आराखडा सांतेरीचा, कापणं-चिकटवणं रेइयोचं. तळ्याच्या जागी एक काच, चारही बाजूंनी पक्की चिकटवलेली. काठावर पुठ्ठ्याची नखाएवढी पांढरी माणसं. मोजून चाळीस.

आर्किटेक्चरच्या प्रवेशपरीक्षेला दोघं शेजारी-शेजारी बसले होते. सांतेरी पहिल्याच झटक्यात आत गेला. रेइयो तीनदा बसला, तीनदा नापास झाला. मग एकाच ऑफिसात सांतेरी वरच्या मजल्यावर खिडकीपाशी आणि रेइयो खाली भुशात. सांतेरीने कधी तोरा मिरवला नाही. रेइयोला तेच जास्त झोंबायचं.

"चल ना रे तळ्यावर," नोव्हेंबरात सांतेरी म्हणाला होता. "काठ मोजायचाय. टेपचं दुसरं टोक कोण धरणार?"

"वरच्या मजल्यावरचा एखादा साहेब ने. मी आपला सुतार."

"झाली का रुसूबाई!" सांतेरी हसला आणि एकटाच गेला.

तळ्यावरचा बर्फ अजून कोवळा होता, पायाखाली फुटला. सांतेरी सापडला तेव्हा पिवळी टेप त्याच्या मनगटाला गुंडाळलेली होती. तिचं दुसरं टोक खोल पाण्यात गेलं होतं.

जिन्यावरून हेल्वी खाली डोकावली. ऑफिस तिचंच. "पाकीट ठेवलंस ना रे? पोराचं शेवटचं काम. त्याचंच पाकीट जाऊ दे."

"ठेवतो."

स्पर्धेत चित्रांवर नाव घालायचं नसतं. खरं नाव बंद पाकिटात असतं आणि ते निकालानंतरच फोडतात. सांतेरीने मरायच्या आधीच आपलं पाकीट चिकटवून ठेवलं होतं.

हेल्वीची पावलं वर गेली. रेइयोने ते पाकीट न उघडताच शेगडीत टाकलं आणि पार राख होईपर्यंत बघत उभा राहिला. मग नवं पाकीट घेऊन आतल्या चिठ्ठीवर फक्त स्वतःचं नाव लिहिलं. पदवीची अट नव्हती. मेलेल्याला आणखी काय हवं होतं? आयुष्यात एकदा तरी कोणीतरी आपल्याला आर्किटेक्ट म्हणावं, एवढंच रेइयोचं मागणं होतं.

तेव्हा वास आला. गार, शेवाळलेला, तळाच्या गाळाचा वास.

त्याने माणसं मोजली. चाळीस. पुन्हा मोजली आणि बोट काचेवर थबकलं. काचेखाली एक माणूस उताणा पडला होता. पांढरा, नखाएवढा. त्याच्या हातातून दोऱ्यासारखी पिवळी रेघ निघाली होती. तिचं दुसरं टोक मोकळंच होतं.

काचेची कड कुठेच सुटली नव्हती.

मागे कुठेतरी पत्र्याची टेप सरसर उलगडत गेली.

"सांतेरी...?"

"टॅक्सी आली रे!" वरून हेल्वी ओरडली. त्याने घाईने खोक्याचं झाकण लावलं.

निकाल फेब्रुवारीत लागला. पहिला क्रमांक त्याच मॉडेलचा. सभागृहात परीक्षकबाईंनी पाकीट हातात घेतलं आणि त्या आपल्याच बोटांकडे बघत राहिल्या.

"ओलं कसं झालं हे..." त्यांनी चिठ्ठी उलगडली. "आर्किटेक्ट, सांतेरी होल्मा..."

रेइयो खुर्चीतून अर्धवट उठला.

"...आणि रेइयो क्यांसी."

"सांतेरीचंच अक्षर!" मान उंचावून चिठ्ठीकडे बघत हेल्वीने रेइयोचा दंड धरला. तिचे डोळे भरले होते. "मला म्हणाला होता, दोघांची नावं घालणार. पण तुला इतक्यात सांगू नको म्हणाला. तू उगाच चिडशील म्हणून..."

टाळ्या वाजत होत्या. तरीही रेइयोच्या मनात आधी आलं ते एवढंच, की पहिलं नाव सांतेरीचंच.

मग त्याची नजर टेबलावरच्या मॉडेलकडे गेली. काठावर चाळीस माणसं उभी होती. काचेखाली आता दोन होती.

पिवळी रेघ ताठ झाली होती. दुसऱ्याने टोक धरलं होतं.