डावीकडचा पाटा

हे घडलंय. माझ्या घरात, माझ्या पोटच्या मुलीच्या बाबतीत. ज्यांना पटत नसेल त्यांनी एकदा माझ्या गाडीत मागे बसून दाखवावं.

आणि असलं काही फक्त अमावास्येच्या रात्री होतं असं वाटत असेल, तर सांगते. तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. मागच्या वर्षीच्या दसऱ्याजवळचा शनिवार. इथे सणसुद्धा वीकेंड बघून येतात. सिएटलजवळच्या बॉथेलमध्ये त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं.

मी आश्लेषा. नवरा संग्राम. मुलगी उर्वी, सहा वर्षांची.

संग्रामचे मनोहरकाका आमच्यापासून पाच मिनिटांवर राहतात. एकटेच. विमानाच्या कारखान्यात वजनं काढण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. रिटायर झाल्यावर कुठल्याशा धान्याच्या कोठारातून त्यांनी एक मोडकी बग्गी उचलून आणली. व्हिक्टोरियन काळातली, बंद, चार चाकांची. दोन वर्षं ती गराजमध्ये आणि काकांची स्वतःची गाडी बाहेर पावसात.

मला त्या बग्गीचं कौतुक होतं, खोटं कशाला बोलू? चाकांवरची लोखंडी धाव तापवून चढवलेली, थंड झाल्यावर तिने लाकूड असं आवळलेलं की नखसुद्धा आत जाणार नाही. दाराच्या फळ्या वाफेवर वाकवलेल्या, एकही सांधा दिसत नव्हता. आणि खाली पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्या एकावर एक बसवून केलेल्या स्प्रिंगा. मांजर चढलं तरी बग्गी त्या बाजूला झुकायची.

"ज्याने हा पाटा बनवला ना, त्याच्या पाया पडावंसं वाटतं," काका म्हणायचे.

एकच गोष्ट मला खटकायची.

सीटवर उजवीकडे कायम तांदळाच्या पिशव्या ठेवलेल्या असायच्या.

"काका, इथे तांदूळ कशाला?"

"बॅलन्सला गं. डावीकडे जरा झुकते ती."

"रिकामी असताना?"

काका रंगाचा डबा ढवळत राहिले...

जुना काळा रंग घासताना खाली पांढरा लागला होता, तेही मी पाहिलं होतं. पण विचारलं नाही. काकांचा छंद, आपल्याला काय करायचंय?

तर त्या शनिवारी बग्गीची पूजा होती. झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. काकांनी तांदळाच्या पिशव्या उतरवल्या.

बग्गी हळूच डावीकडे झुकली...

"आधी घरातली लेक बसू दे," काका म्हणाले. "शुभ असतं."

मीच उर्वीला उचलून उजवीकडे बसवलं. याच हातांनी. दारही मीच लावलं.

काचेतून ती दिसत होती. डावीकडे तोंड करून काहीतरी ऐकत होती.

मग तिने मान हलवली... हो म्हणून.

"चल, उतर आता," मी दार उघडून म्हणाले.

"वेट आई. शी वॉन्ट्स टू कम."

मी हसले. मुलं काहीही बोलतात. तिला उचलून खाली ठेवलं. बग्गीची उजवी बाजू वर आली.

आणि मग...

कर्रर्र...

डावीकडचा पाटाही वर आला. पिशव्या नसताना बग्गी अगदी सरळ उभी राहिली.

"काका, बघा! सरळ झाली!" मी चक्क टाळ्या वाजवल्या.

काकांच्या हातातलं पूजेचं ताट खाली पडलं.

संग्राम सांडलेलं आवरायला थांबला. मी उर्वीला घेऊन निघाले. तिला मागे तिच्या खुर्चीत बसवलं, बेल्ट लावला, गाडी सुरू केली.

बीप... बीप... बीप...

मागच्या सीटवर कोणी बेल्ट लावला नसेल तर आमची गाडी असा आवाज करते. उर्वीचा लावलेला होता. मी वळून बघितलं. तिच्या शेजारची सीट... रिकामी. पर्स नाही, जॅकेट नाही, काही नाही.

घर येईपर्यंत बीप थांबला नाही. दारात गाडी उभी करून मी मागे गेले आणि त्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावला.

आवाज थांबला.

"थँक्यू म्हणतेय," उर्वी म्हणाली.

मी उर्वीला कडेवर घेतलं आणि घरात पळाले.

गॅरेजवाल्याने सेन्सर बदलला. तरी बीप. संग्रामने गाडीच विकली, दुसरी घेतली. तिच्यातही, पहिल्याच दिवशी... बीप. घरात शांतिपूजा केली, मंदिरात अभिषेक केला. उर्वीला पुन्हा बग्गीत नेऊन बसवलं. दोन्ही पाटे खाली गेले. ती उतरली... दोन्ही वर आले. जे आलं होतं ते परत जायला तयार नव्हतं.

जानेवारीत उर्वीच्या डॉक्टरांकडे गेलो. सप्टेंबरमध्ये तिचं वजन सेहेचाळीस पौंड होतं. आता एक्केचाळीस.

सगळे रिपोर्ट नॉर्मल. खाते नीट, खेळते नीट. डॉक्टरांनी अजून तपासण्या लिहून दिल्या. त्याही नॉर्मल.

त्या संध्याकाळी मी काकांच्या दारात उभी राहून ओरडले. मोठ्यांशी असं कधी बोलले नव्हते मी.

"तुम्हाला माहीत होतं!"

काका खाली बघत म्हणाले, "पांढरी बग्गी लहान मुलांच्या अंत्ययात्रेला वापरायचे, असं कळलं होतं मला. झुकते म्हणून मी पिशव्या ठेवून वजनही काढलं. अडतीस पौंड भरलं. मला वाटलं, पूजा झाली, घरातली लेक बसली, की सगळं शुभ होईल. चुकलो गं पोरी..."

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले. टेप आणि तांदळाच्या पिशव्या घेऊन. आमच्या गाडीच्या मागच्या चाकांपाशी अर्धा तास बसून होते. रिकाम्या सीटच्या विरुद्ध बाजूला पिशव्या ठेवायचे, टेपने दोन्हीकडची उंची मोजायचे, थोडा तांदूळ काढायचे, पुन्हा मोजायचे. शेवटी वहीत आकडा लिहिला आणि वही माझ्यापुढे धरली.

त्रेचाळीस.

तिकडे पाच वाढले होते. इकडे पाच कमी झाले होते.

आता मार्च चालू आहे. काकांनी बग्गी ताडपत्रीखाली झाकून ठेवली आहे, गराजमध्ये ते जात नाहीत. डॉक्टरांकडे आमच्या फेऱ्या चालूच आहेत. मला रात्री झोप लागत नाही. उठून उठून उर्वीच्या छातीवर हात ठेवून बघते.

रोज सकाळी शाळेत सोडताना मी दोन बेल्ट लावते. उर्वीचा या महिन्यात दोनदा आवळावा लागला.

आज सकाळी दुसरा बेल्ट लावत होते. रोज तो सीटला चिकटून सपाट बसतो.

आज बसला नाही. मध्येच ताणला गेला... आणि पुढे येईना. मी जोरात ओढला.

उर्वीने तिचा बारीक झालेला हात माझ्या हातावर ठेवला.

"आई, डोंट पुल. सैल कर ना," ती म्हणाली. "शी इज गेटिंग बिगर."