गुरुजींची गाडी बंद होत नाही

ही घटना शंभर टक्के खरी आहे. यातला एकही शब्द पदरचा नाही.

अमावस्येची काळीकुट्ट रात्र होती...

म्हणजे, असायला हवी होती. प्रत्यक्षात दुपार होती. जेवणं उरकली होती, उन्हाने शेडचा पत्रा तडतडत होता, आणि अमावस्या होती की नाही हे पाहायला प्रेमानंदाच्या घरात कोणी पंचांग ठेवत नसे.

स्थळ मात्र पक्कं. बुलढाणा जिल्हा, मेहकर तालुका, हिवरा आश्रमच्या अलीकडचं एक गाव. घरासमोर शेड. शेडमध्ये गुरुजींची गाडी.

गुरुजी म्हणजे प्रेमानंदाचे वडील, इंद्रभान गुरुजी. आदल्याच आठवड्यात गेले. छातीच्या दुखण्याने, खोकून खोकून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं पुण्यानुमोदन, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता आणि मुलाला दोन शब्द बोलायचे होते. मुलगा मेहकरच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा, त्यामुळे दोन शब्दांत भागणार नाही हे गावाने गृहीत धरलं होतं. फलकही रंगून आला होता : 'निर्भय इंद्रभान गुरुजी'.

कारण गुरुजींनी जन्मभर एकच काम केलं. शाळा सुटली की गाडीच्या टपावर भोंगा बांधायचा, आणि साखरखेर्ड्यापासून नांदुऱ्यापर्यंत गावोगाव ओरडून सांगायचं, की भूत नसतं.

ती हीच गाडी. लहानसं जपानी पेट्रोल इंजिन. तीन सिलिंडर, आठशे सीसीला चार कमी, जुन्या पद्धतीचं, कार्ब्युरेटरवालं. खोडीही ठरलेल्या. इंजिनाखालचे रबरी माउंट बसले की उभ्या जागी थरथर कापायची. पाणी आटलं की हेड गॅस्केट उडवायची. आणि तिघांपैकी एखादा सिलिंडर मधेच रुसून बसायचा. याला मिसिंग म्हणतात.

सध्या मिसिंग होतं. उद्याचे पाहुणे स्टँडवरून आणायचे होते, म्हणून सहदेव मिस्त्रीला बोलावलं होतं.

मिसिंग शोधायची रीत सोपी आहे. इंजिन चांगलं तापू द्यायचं. मग चालू इंजिनाच्या प्लगची एकेक वायर उपटायची. आवाज पडला, तर तो सिलिंडर कामाचा. आवाज तसाच राहिला, तर तो मेलेला.

सहदेवने पहिली वायर उपटली.

आवाज... तसाच.

"हा गेला, सर," सहदेव म्हणाला. पहिली लोंबती ठेवूनच त्याने दुसरी उपटली.

आवाज... तसाच.

मग तिसरी उपटली.

तिन्ही वायरी बाहेर लोंबत होत्या. आत ठिणगी पडायची सोयच नव्हती. आणि इंजिन...

चालूच.

"चावी काढा, सर."

प्रेमानंदाने चावी काढून खिशात घातली.

चालूच.

मिस्त्री लोकांकडे डॉक्टरची नळी नसते. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतलं सगळं ऐकू येतं. सहदेवने तसं केलं. ऐकलं. मग पेचकस अगदी अलगद प्रेमानंदाच्या हातात दिला.

"तुमीच आयका. हे माह्या लाइनीतलं नाही."

प्रेमानंदाने मूठ कानाला लावली.

आधी नुसती टकटक. मग टकटकीच्या मागून...

खोकला.

दोन आखूड, एक लांब. मग घसा खाकरला. भाषणाआधी माइकवर खाकरायचे, अगदी तसा.

सहदेव शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिला होता. प्रेमानंद हलला नाही. भीती वाटली असती तर परवडलं असतं. त्याला वाटलं, आपल्याला फसवलं. दुसऱ्या कोणाचं भूत असतं तर एक वेळ चाललं असतं. पण ज्या माणसाने 'भूत नसतं' हे पाढ्यांच्या आधी पाठ करून घेतलं, त्यानेच यावं? तेही कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी?

शाळेत असताना याच माणसाने त्याला दिवस मावळल्यावर मसणात एकटं बसवलं होतं. गावाला दाखवायला, की बघा, काही होत नाही. स्वतः गुरुजी बाहेर रस्त्यावर गाडीत होते. इंजिन चालू होतं. प्रेमानंद तो आवाज धरून बसला होता. आवाज आहे म्हणजे बाबा आहेत. आयुष्यात पुढे जे काही धाडस केलं, ते त्या आवाजाच्या भरवशावर.

"बंद नाही होऊन राह्यली?"

दारात बेबीताई उभी होती. त्याची आई.

"आई... आत बाबा खोकून राह्यले."

"हाव. कालही खोकले."

"काल? मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"तुले कायले सांगू? तू म्हनशील, भूत नसते."

"बाबाच म्हणत ना!"

"लोकायले म्हनत. घरी अंधारात मोरीत जायाचं असलं तं मले उठवत."

"बाबा... भेत होते?"

"लय."

"आन मले मसणात बसवलं तवा?"

बेबीताईने पदराने बोनेटवरची धूळ पुसली. उगाच.

"म्हनून तं गाडी चालू ठेवली होती. म्हने, काही दिसलंच तं निघून जायाले टाइम नोको लागाले."

"निघून जायाले? आन मी?"

बेबीताई पुन्हा बोनेट पुसू लागली.

आणि इंजिन...

बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे ऑटोने आले. प्रेमानंद फलकाखाली उभा राहून बराच वेळ बोलला. शिक्षण, चळवळ, भोंगा, सगळं आलं. 'निर्भय' हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्या रांगेतली बेबीताई मात्र सबंध वेळ पायांकडे बघत होती.

पुढच्या आठवड्यात सहदेवने इंजिनाचं हेड उघडलं. आत काळाकुट्ट कार्बन थापला होता.

"हे निखाऱ्यावानी तापते, सर. मंग बिनठिणगीचंही इंजिन चालत राह्यते. या गाड्यायचा कॉमन फॉल्ट हाय."

"आणि खोकला?"

सहदेव कार्बन खरवडत राहिला.

प्रेमानंद आता मुलीला शाळेत सोडताना गाडी फाटकाशी थांबली, की आधी इंजिन बंद करतो. मग खाली उतरून तिच्याबरोबर आतपर्यंत चालत जातो. का, ते तिने विचारलं तर काय सांगायचं, हे अजून ठरलेलं नाही.

कार्बन काढल्यापासून गाडी लिटरला अठरा देते.