दोन पाण्यांची एक बरणी

भोकरदनच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या उषाबाई दर वर्षी पावसाळा सरता सरता समुद्रावर जायच्या, याची गावाला मोठी गंमत वाटे. जालना जिल्ह्यात प्यायला पाणी नाही आणि बाई निघाल्या खारं पाणी भरायला! पण बाईंचा हेका पक्का होता. समुद्रात फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव तरंगतात. अंगावर चुन्याचं कवच, आकार वाळूच्या कणाएवढा. पावसाळ्याच्या अखेरीस किनाऱ्याजवळ खालचं थंड पाणी वर येतं, तेव्हा तिथं एका जातीचे जीव वाढतात. दूरच्या उबदार पाण्यात दुसरे, काटेरी; मधल्या पाण्यात दोन्ही. समुद्र तापत चालला असेल तर हे काटेरी जीव किनाऱ्याकडे सरकायला हवेत, असा बाईंचा अंदाज. तीन वर्षं त्याचा पुरावा मिळाला नव्हता. सत्त्याण्णवच्या सप्टेंबरात त्या चौथ्यांदा निघाल्या, आणि या खेपेला सोबत प्रयोगशाळेतला मच्छिंद्र होता.

मच्छिंद्र पिंपळगाव रेणुकाईचा. नाव मच्छिंद्र, पण मासा पाहिलेला फक्त बाजारात! रत्नागिरीजवळच्या खाडीतून जगू तांडेलाची होडी बाहेर पडली तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला होता. त्याचं काम सोपं होतं. बाईंनी बारीक जाळं पाण्यात सोडायचं, वर आलं की त्यातला गाळ मच्छिंद्रानं बरणीत भरायचा आणि गळ्याला चिठ्ठी बांधायची. किनाऱ्याजवळची एक बरणी झाली, मधल्या पाण्यातली दुसरी झाली. दोन्ही अर्ध्या अर्ध्या भरल्या.

दूरच्या पाण्यात पोचले आणि वारा फिरला. एक लाट आडवी आली! बरण्यांचं खोकं उलटलं, रिकाम्या बरण्या एकमेकींवर आपटून फुटल्या. शाबूत राहिल्या त्या भरलेल्या दोनच.

"मच्छिंद्र, बरणी! जल्दी!" बाई जाळं ओढत ओरडल्या.

मच्छिंद्राच्या घरी टँकरचं पाणी. दोन अर्धे हंडे दिसले की एकात ओतायचे आणि एक मोकळा करायचा, हे त्याच्या हातांना लहानपणापासून ठाऊक. हातांनी तेच केलं. मधली बरणी किनाऱ्याच्या बरणीत ओतली, खळबळून धुतली आणि बाईंपुढे धरली. तिच्यात दूरचं पाणी पडलं, आणि मग त्याचं लक्ष गळ्यातल्या चिठ्ठीकडे गेलं. 'मध्य.' त्यानं चिठ्ठी हळूच खिशात कोंबली.

"मधली कुठाय?"

"फुटली मॅडम." खोटं एवढं सहज तोंडातून निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

बाईंनी किनाऱ्याची बरणी उन्हात धरून भिंग लावलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "काटेरी! मच्छिंद्र, काटेरी आलेत किनाऱ्याला! पोरं हसायची मला, डोकं फिरलंय म्हणायची." त्यांचे डोळे भरून आले. मच्छिंद्राला वाटलं, आत्ता सांगावं. पण तो आनंद पाहून तो खोक्यातल्या काचा वेचू लागला.

"आता मधलं पाणी परत घ्यायलाच पाहिजे, नाहीतर पुरावा अर्धाच," बाई म्हणाल्या.

"बाई, आभाळ बघा," जगू तांडेल म्हणाला. "घरी जाऊया."

"एकदाच, दादा. एकदाच जाळं टाकू."

तांडेल नाराजीनं वळला. मच्छिंद्र गप्प बसला. पुढचं सगळं त्या गप्प बसण्यानं झालं.

मधल्या पाण्यावर पोचेपर्यंत समुद्र काळा पडला होता. जाळं खाली गेलं आणि वाऱ्यानं होडी गरकन फिरवली. जाळ्याचा दोर पंख्यात अडकला. इंजिन बंद! होडी आडवी झाली. लाट आत! आणखी एक! मच्छिंद्र डब्यानं पाणी उपसू लागला, पण उपसलं त्याच्या दुप्पट आत येत होतं.

तांडेल कोयता घेऊन मागच्या बाजूनं ओणवा झाला. "दोर कापतो!"

"नका!" बाईंनी दोर दोन्ही हातांनी धरला. "जाळं जाईल! माझा पुरावा आहे त्यात!"

"बाई, सोडा! बुडू सगळे!"

दोराला हिसका बसला, कोयता घसरला आणि तांडेलाच्या तळव्यात रुतला. तरी बाई दोर सोडीनात!

"पुरावा न्हाई मॅडम!" मच्छिंद्र जिवाच्या आकांतानं ओरडला. "मधली बरणी फुटली न्हवती! म्याच किनाऱ्याच्या बरणीत ओतली! ते काटेरी मधल्या पाण्यातले हायेत! सोडा दोर!"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांची बोटं एकेक करून सुटली.

तांडेलानं रक्ताळल्या हातानं दोर तोडला. जाळं गेलं. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं, आणि होडीनं तोंड किनाऱ्याकडे वळवलं.

खाडीच्या शांत पाण्यात आल्यावर बाईंनी ती मिसळलेली बरणी उघडली आणि तिथंच रिती केली. एक वर्ष वाया गेलं होतं.

"तेव्हाच बोलायला काय झाल्तं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"तुम्ही लई खूश झाल्त्या, मॅडम. भ्यालो."

बाई रिकामी बरणी पुसू लागल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मच्छिंद्राला वाटलं.

धक्क्यावर तांडेलाची बायको धावत आली. नवऱ्याचा हात पाहून तिनं कपाळाला हात लावला. "हे कशानं झालं?"

"वाऱ्यानं," उषाबाई पटकन म्हणाल्या. "वारा फिरला ना."

त्या आपल्याला पाठीशी घालतायत हे मच्छिंद्राला कळलं, आणि त्याला ते सोसवेना. "वाऱ्यानं न्हाई ताई. माझ्या खोट्यानं झालं."

तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग उभा काय राहिलास? धर त्याचा हात. मी हळद दाबते."

मच्छिंद्रानं हात धरला. हळद लागताच तांडेल कळवळला, पण मच्छिंद्रानं तो हात सोडला नाही.