चौथा ठोका

दार लोटून घ्या, आणि मध्येच कुणी खिदळायचं नाही. ही माझ्या जुन्या दोस्ताची गोष्ट आहे. तो गॅरेजवाला. आम्ही त्याला कानसेन म्हणायचो, कारण स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, आणि डोळे मिटून काय बिघडलंय ते सांगायचा. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. घाबरायचा तो फक्त बायकोला, आणि त्यात काही नवल नाही.

डिसेंबरातला दुसरा मंगळवार होता. धाकट्या बहिणीचा निरोप आला, दादा, येऊन गाडी बघून जा. तिचा नवरा टॅक्सी चालवायचा. बरोबर वर्षापूर्वी रात्रीचं भाडं आणायला निघाला, वाटेत गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर मान टाकली. लोकांना सापडला तेव्हा इंजिन चालूच होतं. छातीतला ठोका चुकतोय असं डॉक्टरांनी त्याला आधीच सांगितलं होतं, पण त्यानं ते घरात कुणाला कळू दिलं नव्हतं.

वर्षभर गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून होती. आता भाचा बाविशीचा झाला होता, आणि दुसऱ्या दिवसापासून तीच टॅक्सी चालवणार होता. पहिलं भाडंही ठरलं होतं, पाच माणसं घेऊन पहाटे डोंगर उतरायचा. पण गाडी उभ्या जागी थरथरायची, आणि आईचा जीव टांगणीला लागला होता.

कानसेननं संध्याकाळी बॉनेट उघडलं. रेस दिली की इंजिन बरं चाले, पाय काढला की तीन ठोके आणि खड्डा, तीन ठोके आणि खड्डा. चारांतलं एक सिलेंडर झोपलेलं. त्यानं रबरी पकडीनं प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाहिल्या. पहिली काढली, इंजिननं आचका दिला. दुसरी, तिसरी, तेच. चौथी काढली तर इंजिनला पत्ताच नाही. चोर सापडला म्हणून त्यानं चौथा प्लग बदलला, वायर बदलली. फरक शून्य. म्हणजे दोष डिस्ट्रिब्युटरमध्ये, जिथून चारही प्लगांना करंट वाटला जातो. त्याच्या झाकणाला आतून केसाएवढी तड होती. नवं झाकण बसवलं, तरी तेच.

उरला रोटर, म्हणजे झाकणाखाली फिरत करंट वाटणारा अंगठ्याएवढा तुकडा. त्याचं पितळी टोक जळून काळं पडलं होतं. कानसेनला एक गोष्ट खटकली. रोटर खराब असेल तर चारही ठोके चुकायला हवेत, नेमका एकच कसा चुकतो? पण दुसरं काही सापडेना. जुना काढून त्यानं पिशवीत टाकला आणि नव्याचं पाकीट फोडणार, एवढ्यात बहिणीनं त्याला बाजूला घेतलं.

"दादा, आज नको बसवूस. बसवलास तर पोरगा रात्रीच चक्कर मारायला निघेल. आजची रात्र जाऊ दे."

कानसेनला हसू आलं होतं, ते तिचा चेहरा बघून त्यानं गिळलं. शिवाय रोटरशिवाय गाडी काही केल्या चालू होत नाही, कुलपापेक्षा ते पक्कं. पाकीट तसंच शर्टाच्या खिशात ठेवलं. भाचा फुरंगटून झोपला. मामा त्याच्या शेजारीच, बाहेरच्या खोलीत आडवा झाला.

रात्री सव्वादोनला त्याला जाग आली.

इंजिन चालू होतं.

तीन ठोके… खड्डा. तीन ठोके… खड्डा.

त्यानं हात लांब केला. भाचा जागेवरच होता, गाढ झोपेत. गाडीची किल्ली खिळ्याला होती. खिसा चाचपला. पाकीट होतं.

बहीण खिडकीशी उभी होती. तिनं मागे वळून पाहिलंही नाही.

"ह्याच वेळेला निघायचे ते."

कानसेन टॉर्च घेऊन शेडमध्ये गेला. गाडीत कुणी नाही. बॉनेट थरथरत होतं. त्यानं ते उघडलं.

पहिली वायर काढली. इंजिनला पत्ता नाही.

दुसरी.

तिसरी.

चौथी… चारही वायरी हातात, आणि इंजिन चालू.

झाकण उचललं. आत रोटर नव्हता. नुसता दांडा फिरत होता.

दुसरा कुणी पळत सुटला असता. पण हाडाची सवय. त्यानं स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. मूठ कानाला लावली.

लोखंडाचा आवाज नव्हता तो. मऊ. ओलसर. धप… धप… धप…

खड्डा.

त्या खड्ड्यात कुणीतरी श्वास घेत होतं. बोलायच्या आधी घेतात तसा. आणि न बोलता सोडून देत होतं.

धप… धप… धप…

मग काहीच नाही. इंजिन थांबलं.

कानसेन घरात आला. आपण काय करतोय हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं, पण तो सरळ भाच्यापाशी जाऊन बसला. झोपलेल्या पोराचं मनगट हातात धरलं.

तीन ठोके… खड्डा.

तीन ठोके…

"काय रे दादा?" बहिणीनं विचारलं.

त्यानं मनगट सोडलं नाही.

उजाडायच्या आधीच त्यानं भाडं दुसऱ्याला दिलं आणि भाच्याला हॉस्पिटलात नेलं. पोरगा वाटभर मामाशी भांडत होता. डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा तपासलं, आणि विचारलं, ह्याच्या वडिलांना असंच काही होतं का? आज डोंगर उतरायचा होता हे कळल्यावर त्यांनी त्याला घरी सोडलंच नाही. पोरगा आज आहे, छातीत एक बारीकसं यंत्र घेऊन, पण आहे. बहिणीनं ती गाडी भंगारात घातली. आणि कानसेननं त्यानंतर कधीही इंजिनला कान लावला नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या बसल्या त्यानं खिशातून ते पाकीट काढलं होतं. अजून आहे त्याच्या कपाटात, मी स्वतः हातात घेऊन पाहिलंय. प्लास्टिकचं आहे, आतलं सगळं दिसतं. कडा कारखान्यात डकवल्या तशाच बंद आहेत.

आतल्या नव्या रोटरचं टोक जळून काळं पडलंय.