एक पूर्णांक दोन

निनावी पत्र तीन ओळींचं होतं. ‘संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी आलेल्या या मुलीची सरासरी १.२. शिफारसपत्रात मात्र ती वर्गात पहिली. एक कागद खोटा आहे.’

शिफारस विभागप्रमुख मॅडमच्या गुरूंची होती, त्यामुळे मॅडम पेचात. त्यांनी भिंगबाईंना बोलावलं. या बाईंची शोधाच्या धंद्यात वीस वर्षं गेलेली. सोबत धाकटे दीर. डोक्याने जरा जड, पण वहीत सगळं टिपणारे. यादी पाचला लागणार होती. तोवर छडा लागला नाही तर मुलीचं नाव कटणार होतं. ती बाहेर बाकावर बसली होती.

अर्ज तिघांनीच पाहिला होता. कारकूनबाई प्रत्येक गुणपत्रक टेबलावरच्या त्या-त्या कॉलेजच्या गुणपद्धतीच्या तक्त्याशी ताडूनच पुढे पाठवत. दुसरा मुलीचा वर्गमित्र, तोही अर्जदार; दोघांनी अर्ज सोबतच भरलेले. आपली सरासरी १.९ आली, तिने मागे टाकलं, असं तो तोंड पाडून म्हणाला. तिसरे छाननी करणारे प्राध्यापक. तक्तेबिक्ते आपल्याला लागत नाहीत म्हणत त्यांनी ऐटीत आपली वही उघडली. मागच्या वर्षी याच कॉलेजचे चार अर्ज: १.१, १.२, १.४ नापसंत, ३.४ पसंत.

“वर्गमित्रच,” दीर कुजबुजले. “जळतोय तो.”

“भाऊजी, तुम्हीच टिपलेलं वाचा. १.९ वाला म्हणतो, १.२ वालीने मागे टाकलं. म्हणजे त्या कॉलेजात एक सर्वोत्तम, पाच नापास. कारकूनबाईंच्या तक्त्यावरही तेच आहे. पत्र लिहिणाऱ्याला मात्र १.२ कमी वाटले. १.१ नापसंत आणि ३.४ पसंत करणारी वही इथे एकच आहे.”

प्राध्यापकांचा चेहरा पडला. “शिफारस मॅडमच्या गुरूंची, म्हणून उघड बोललो नाही. पण मी लबाडी केली नाही हो.”

“नाही केलीत. तिनेही नव्हती केली. आणि सर, मागच्या वर्षीचा तो १.२ कोणाचा, नाव वाचा.”

त्यांनी वाचलं. वही मिटली. मग स्वतःच बाहेर गेले.

मुलगी चटकन उठून उभी राहिली.

“सर, मागच्या वर्षी मी कमी पडले. म्हणून वर्षभर घरी राहून आणखी दोन विषय केले. आता तरी चालेल ना?”

सरांना तिच्याकडे बघवेना.

“यादीत नाव आहे तुझं,” ते म्हणाले. “कमी मी पडलो, बाळ.”

मग कारकूनबाईंकडे वळून त्यांनी मागच्या वर्षी नापसंत केलेल्या उरलेल्या दोघांचे पत्ते मागितले.